कनेक्शन काकाजी

गावाच्या नावातच ‘रेल्वे’ असली की एखाद्याच्या डोक्यावर परिणाम व्हायचाच. आमच्या अमरावती जिल्ह्यात अशी दोन गावं, चांदूर रेल्वे आणि धामणगाव रेल्वे. चांदूरचे लोक तो शब्द चांदूर बाजारशी गफलत होऊ नये एवढ्यापुरता वापरतात. आमच्याकडे मात्र एका माणसानं तो मनावर घेतला.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच असू द्या. गाव त्यांना कनेक्शन काकाजी म्हणतं. रेल्वेत त्यांनी एक दिवस नोकरी केलेली नाही. अडतीस वर्षं जिनिंगमध्ये दिवाणजी होते. गाठी मोजल्या, सरकीचे हिशेब ठेवले आणि निवृत्त होताना लाल कापडी बांधणीची एक कोरी खातेवही घरी आणली. त्या वहीत डावीकडे ‘जमा’, उजवीकडे ‘नावे’. जमा म्हणजे येणारी गाडी, नावे म्हणजे जाणारी. दोन्हींच्या मधली मिनिटं ही शिल्लक. ‘मनमाड, शिल्लक ४० मि.’ असं एखादं पान उघडून ते समोर धरतात तेव्हा त्यांचा चेहरा पाहावा. वहीपूजनाच्या दिवशी शेठजींचाही एवढा उजळत नसे.

अशी माणसं स्वतः फारशी कुठं जात नाहीत, दुसऱ्याला पाठवतात. तुम्ही मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला जा, मुहूर्त वाचायच्या आधी ते वऱ्हाडाची गाडी ठरवून मोकळे. एकदा पडलेल्या चेहऱ्यानं चाललो होतो, तर त्यांनी हटकलं. म्हटलं, काकाजी, जळगावचे मामा गेले. काकाजींनी टोपी काढली. क्षणभर थांबले. मग म्हणाले, “लय वाईट झालं मास्तर. पण मामा टायमावर गेले. आता निघसान तं बडनेऱ्याले लगेच कनेक्शन हाय.”

फोनमधल्या ॲपवर त्यांचा विश्वास नाही. “थे गाडी कुठं हाय थे सांगते. गाडी कुठं असाले पाह्यजे, थे माह्या वहीत हाय.”

तर अशा माणसाचा आणि बिअरचा संबंध आला तो भाच्यामुळं. पोट्टा पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीत आला आणि ओसरीवर बसून सांगू लागला की तिकडं शनिवारी मित्रमित्र ब्रुअऱ्या फिरतात. एका ठिकाणी एक ग्लास, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. पिऊन गाडी चालवता येत नाही, म्हणून कॅब. दिवसाला दीड हजार नुसते कॅबचे. काकाजींनी बिअरचं शांतपणे ऐकून घेतलं, कॅबवर मात्र उसळले. “कॅब काहून बे? मेट्रो हाय, बस हाय. एवढाले पूल कायले बांधले मंग?”

काकाजींनी आजवर घेतलेलं सर्वांत कडक पेय म्हणजे जिनिंगच्या गेटवरचा चहा. मी म्हटलं, तुम्ही तर घेत नाही. ते म्हणाले, “घ्याची गोष्ट कोण करून राह्यलं मास्तर? जाऊन कसं येता येते, थे पाहू.”

मग अभ्यास सुरू झाला. वही, भाचा आणि माझा फोन, तिघांना कामाला लावलं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक २००९ साली पुण्यातच निघाली, तिचं नाव ‘डूलाली’, इथवर काकाजी नुसते हुंकार देत होते. पण हा शब्द देवळालीवरून आला म्हटल्यावर ते सावरून बसले. देवळाली म्हणजे आपल्याच भुसावळ-मुंबई लाइनवरचं स्टेशन! तिथं इंग्रजांची छावणी होती. मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने तिथं पडून राहायचे आणि काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडा. काकाजींनी चष्मा काढून पुसला. “म्हंजे कनेक्शन नाई भेटलं म्हून येडे झाले,” ते हळूच म्हणाले. घरातलं कुणी गेल्यासारखा आवाज होता.

त्या दिवसापासून बिअरकडं बघण्याची त्यांची दृष्टी बदलली.

वहीत नवं पान पडलं. प्रवासी चार : काकाजी, मी, मेडिकलवाले भाऊ (अनुभवी म्हणून) आणि मोबाईल रिचार्जवाला पोट्टा (वजन उचलायला). जाताना महाराष्ट्र एक्सप्रेस, येताना महाराष्ट्र एक्सप्रेस. लॉजचा खर्च निरंक. १९४९ च्या कायद्यानं महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू पिता येत नाही, हेही त्यांनी शोधून काढलं. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा आणि तो घ्यायचा प्रकृती राखण्यासाठी. तीस वर्षांच्या अनुभवात भाऊंनी असा कागद डोळ्यांनी पाहिला नव्हता. काकाजींनी चार परवान्यांचे वीस रुपये ‘औषधपाणी’ खात्यात टाकले.

सगळ्यात मोठा विचार मात्र परतीचा होता. धामणगावनंतर गाडी वर्धा नदी ओलांडते आणि पुलगावला थांबते. पुलगाव म्हणजे वर्धा जिल्हा. सेवाग्राम-पवनारचा जिल्हा म्हणून तिथं पन्नासेक वर्षं दारूबंदी. तिकडचे तहानलेले पूल ओलांडून इकडं येतात ही जुनी रीत. इकडचा माणूस तोंडाला वास घेऊन तिकडं उतरला तर काय, या प्रश्नानं काकाजींची झोप उडाली. शेवटी वहीत तांबड्या शाईनं लिहिलं : ‘परतताना एक इसम जागा. स्वतः.’

धामणगावला दुपारी बसलो आणि अंधार असतानाच पुण्यात उतरलो. ब्रुअऱ्या उघडतात दुपारी. दिवाणजींच्या हयातीतली सर्वांत मोठी शिल्लक : सात तास. ते जराही डगमगले नाहीत. सकाळी मेट्रो सुरू झाली तसं वनाज ते रामवाडी एक चक्कर मारली, मग ‘उलटं कसं दिसते थे पाहू’ म्हणून परत एक. रामवाडीपर्यंतचा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, हे त्यांनी शेजारी बसलेल्या एका पुणेकराला सांगितलं. पुणेकरानं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की पुण्यात पुण्याबद्दल परक्यानं काही सांगायची सोय नसते, हे आम्हाला कळलं. काकाजींना नाही.

बाराच्या ठोक्याला कल्याणीनगर. काचेमागं आमच्या दूध संघासारखी स्टीलची टाकी उभी. तिथल्या पोरानं हौसेनं माहिती दिली. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, पासष्ट अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर मुरवायचे. मग हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. काकाजी मान डोलावत होते. “म्हंजे आपल्या आंबिलीचं शहरात शिकलेलं पोट्टं,” ते म्हणाले. ग्लास आले. वर फेस, बाहेरून दव. भाऊंनी डोळे मिटून पहिला घोट घेतला, तोच काकाजी उभे. “चला. बारा चाळीसची मेट्रो.”

“काकाजी, मेट्रो दर दहा मिनिटाले हाय!”

“हाय. पण आपली बारा चाळीसची हाय.”

बंडगार्डनला उतरून कोरेगाव पार्कात दुसरी ब्रुअरी. इथं लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास ओळीनं आले, नर्सरीतली पोरं प्रार्थनेला उभी केल्यासारखे. काकाजींनी एकेकाला नाक लावून मागं सारलं. शेवटचा तांबूस होता. वाढणाऱ्या पोरानं सांगितलं, ही इंडिया पेल एल. इंग्लंडहून हिंदुस्थानात यायला जहाजाला चार-सहा महिने लागायचे, आफ्रिकेला वळसा घालून. वाटेत बिअर नासू नये म्हणून हॉप्स जास्त घालायचे, म्हणून ही कडू.

काकाजी ग्लासाकडं बघतच राहिले. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

“सुएझ कधी उघडला मास्तर?”

“१८६९.”

“अन् भुसावळहून नागपूरले गाडी आली १८६७ साली. म्हंजे दोन वर्षं आपल्या गावावरून गाडी जाऊन राह्यली होती अन् ही बिचारी आफ्रिकेले वळसाच घालत होती!” आणि त्यांनी तो ग्लास उचलला, तोंड वाकडं न करता संपवला आणि पालथा ठेवला. आयुष्यातली पहिली बिअर. चवीसाठी नाही, सहानुभूती म्हणून.

मुंढव्याच्या बसनं मात्र घात केला. बस आली उशिरा, आत पाय ठेवायला जागा नाही, आणि पुढं एका चौकात ती अशी उभी राहिली की खिडकीतून मोबाईलवाल्या पोट्ट्यानं एका कणीसवाल्याशी पूर्ण व्यवहार केला. भाजलं कणीस घेतलं, मीठ-लिंबू चोळून घेतलं, सुटे पैसे परत घेतले, तरी बस तिथंच. काकाजींच्या वहीतली शिल्लक पंचवीस मिनिटांवरून पाचावर आली. तिसऱ्या ब्रुअरीत ग्लास टेबलावर टेकले आणि आम्ही उठलो. भाऊ दारापर्यंत मागं वळून वळून पाहत होते. “मास्तर, लगन झाल्यापासून बायकोनं बी असं उठोलं नाई मले.”

तीन ब्रुअऱ्या, चार माणसं; एकूण पोटात गेली असेल दोन-अडीच ग्लास. नावे बाजूला मात्र सगळी कनेक्शनं बरोबर लागली होती. रात्रीच्या गाडीत काकाजी ताठ बसून राहिले. मनमाडला जागे. भुसावळला जागे. अकोल्याला सकाळी मला उठवून म्हणाले, “झोपा तुम्ही, मी हावो.” बडनेऱ्यानंतर दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं, पंखा गरम हवा फिरवू लागला. चांदूर गेल्याचं मला अंधुक आठवतं. त्यानंतर एकदम पुलाचा खडखडाट कानात घुसला. धडधड, धडधड. खाली वर्धेचं पात्र. समोर काकाजी, मांडीवर उघडी वही, तोंड उघडं, शांत झोपलेले.

पुलगावला उतरलो. चौघांपैकी कुणी श्वास सोडायला तयार नव्हतं. स्टेशनबाहेरच्या टपरीवर चार चहा सांगितले. काकाजी वहीत तोंड घालून बसले होते. पुलगावचं पानच त्यात नव्हतं. तेवढ्यात खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक माणूस जवळ सरकला, इकडं-तिकडं पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “पाहुणे, काही व्यवस्था पाह्यजे काय?”

काकाजींनी मान वर केली. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

“हाव न भाऊ. धामणगावची गाडी कितीले हाय?”