शेष पान सातवर

विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल १६ एप्रिल २०१३ ला धावली, पण वर्तमानपत्राची पानं लावणाऱ्यांपर्यंत ती अजून पोहोचलेली दिसत नाही. बोईसरला चढून पालघरपर्यंत कशीबशी चौथी सीट मिळालेल्या माणसाच्या हातात अंक उघडतो तो आठव्या घडीइतकाच. तेवढ्या जागेत त्याला आधी दिसतो फ्लॅटचा हप्ता, मग सोन्याचा भाव. बातमीचं पहिलं पान तिसरं असतं! तिथं दोन परिच्छेद वाचून रंगात यावं, तर खाली ‘शेष पान सातवर’. सातवर जायचं म्हणजे शेजारच्या दोघांची आणि उभ्या असलेल्या एकाची परवानगी लागते. (चष्मा सांभाळायचा तो वेगळाच.)

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. जिल्हा आठ तालुक्यांचा. अंकात त्याच्या वाट्याला पान एकच, तेही ठाण्याशी वाटून घेतलेलं. त्यात वरच्या अर्ध्या भागात भाऊंचा वाढदिवस, शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंसह. जव्हार-मोखाड्यातले पाण्याचे हंडे कोपऱ्यातल्या चौकटीत. तारापूर एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यातला रिअ‍ॅक्टर फुटला तर एक कॉलम, तोही बरोबर घडीवर, म्हणजे कामगारांचा आकडा दुमडीत जातो. देशातली पहिली अणुवीज १९६९ मध्ये याच तारापुरात तयार झाली. तिच्या शेजारची बातमी भिंगातून वाचावी लागते.

संपादकसाहेब, भाऊंना शुभेच्छा द्याच. फक्त त्या पान सातवर द्या.