कांद्याची औषधी गुणकारकता

माननीय पेटंट परीक्षक साहेब,

आपला पहिला परीक्षण अहवाल पोचला. माझ्या पक्षकाराचा अर्ज कांदाचाळीतल्या हवेचा आहे. ढिगाच्या आत ओलावा वाढला की तेवढ्याच कप्प्याचा पंखा सुरू होतो. त्यावर आपण पेटंट कायद्याचं कलम ३(डी) लावलंत आणि औषधी गुणकारकता वाढल्याचा पुरावा मागितलात! ग्लिव्हेक या औषधाच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा जो अर्थ लावला, तो प्रशिक्षणात आपल्या मनावर फारच खोल बिंबवलेला दिसतो. कुणाच्या तरी गोळीच्या अहवालातला परिच्छेद आमच्या कांद्यात राहिला, एवढंच. आकृतीतले आकडे पुसट असल्याचा आक्षेप मात्र मान्य; नवीन काढून देतो.

खरं दुखणं पुढं आहे. आपण दाखवलेल्या जुन्या कागदांपैकी डी-१ म्हणजे एक शीतकपाट, डी-२ म्हणजे कोंबड्यांच्या शेडमधला पंखा. दोन्ही एकत्र केले की या विषयातल्या जाणकाराला आमची यंत्रणा सहज सुचली असती, असं आपण म्हणता. दहाही दाव्यांना हेच एक वाक्य. का सुचली असती? कशावरून? अर्जाच्या तारखेला जाऊन उभं राहायचं, समोरचा शोध विसरायचा, जुने कागद वाचायचे आणि मग साधारण जाणकाराला काय दिसलं असतं ते ठरवायचं, हा या कामाचा पहिला धडा. आपला जाणकार मात्र आमचा अर्ज वाचून भूतकाळात जातो. मग त्याला काय सुचणार नाही? शोध सहज सुचण्याजोगा कसा, हे अर्ज फेटाळताना सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात बजावलं. ते फेटाळणीपुरतं, म्हणाल. मग आम्ही उत्तर कशाला द्यायचं, त्या एका वाक्याला? साहेब, आपण अर्ज वाचलाच नाहीत!

आणि वाचणार तरी कधी? अभियांत्रिकी शिकून आलात, कायदा नोकरीत शिकलात. फाइल हाती आली की एरवी महिन्यात, फार तर तीन महिन्यांत अहवाल द्यायचा. तोवर पुढच्या फाइली येतच असतात. शिकवणाऱ्यांनी विचार करायला शिकवलं असेलही. त्यासाठी लागणारी दुपार कुणी दिली नाही. ज्यांनी ती द्यायची, त्यांना असं पत्र कुणी लिहीत नाही, शिव्या आपल्यालाच.

तरीही उत्तर सहा महिन्यांच्या आत धाडतो आहे. कांद्यावरच्या औषधी चाचण्या सोबत नाहीत. डी-१ आणि डी-२ मधल्या कुठल्या ओळीवरून कप्प्यागणिक ओलावा मोजायचं सुचतं, ती ओळ पुढच्या अहवालात पान क्रमांकासह लिहावी.

आपला,
एक पेटंट एजंट