न वाचताच अप्रतिम!

15 ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, म्हणून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी वाचनाचं महत्त्व सांगणारे इतके संदेश येतात की ते वाचत बसलं तर पुस्तकाला वेळच उरू नये. सुदैवाने ते कुणी वाचत नाही.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा लांबलचक लेख आला: 'मोबाइलने वाचनाचा घास घेतला.' खाली नाव पु. ल. देशपांडे. पु. ल. 2000 साली गेले, व्हॉट्सॲप 2009 साली आलं. पण मोबाइलवरचं त्यांचं लेखन थांबायला तयार नाही. लेख पडला आणि मिनिटाच्या आत 'अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं', जोडलेले हात, अंगठे. 'आणखी वाचा'च्या पलीकडे, बालपणीच्या वाचनालयाच्या आठवणींत सेक्रेटरींनी एक ओळ घुसवली होती: 'मेंटेनन्स दरमहा पाचशे रुपयांनी वाढवत आहोत, संमती असल्यास अंगठा दाखवावा.' ठराव बिनविरोध मंजूर.

बिचाऱ्या सभासदांना तरी काय दोष द्यायचा? पुस्तकाचं पान संपतं, ते उलटावं लागतं आणि तेवढ्यात माणूस चुकून विचार करतो. ही अडचण अमेरिकेतल्या अझा रास्किन यांनी 2006 साली दूर केली. बोट सरकवत राहायचं, खाली काही ना काही येतच राहतं. पुढे त्यांनी या शोधाबद्दल जाहीर पश्चात्तापही व्यक्त केला. त्याची बातमी आम्ही वर सरकवून टाकली. हल्ली चौथ्या मजल्यावरचे काका कीर्तनसुद्धा दुप्पट वेगाने ऐकतात. वेळ वाचतो म्हणे. वाचलेल्या वेळात ते रील्स बघतात.

न वाचता पुढे ढकलण्याची किंमत दरवेळी पाचशे रुपयांवर भागत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश त्याआधी मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणायचं ठरवलं. आमच्या ग्रुपवरच्या जाणकारांनी त्यावर लगेच तोड काढली: पाच-पाचचे हप्ते.

तेव्हा सभासदहो, यापुढे अंगठा दाखवण्याआधी संदेश शेवटपर्यंत वाचा. मेंटेनन्सचं आपण सर्वसाधारण सभेत बघून घेऊ.