गडग्यावरून खिमा

“ऐकलंस गो वैनी? कोपऱ्यावरल्या घरातली नवी सून म्हणे हॉटेलातून जेवण मागवते. सासूच सांगत होती काल, दळणाच्या रांगेत. तेही सगळ्यांदेखत!”

आषाढातली उघडीप. पाऊस तासभर थांबला की आमच्या वाडीत दोनच कामं होतात. दोरीवर कपडे चढतात आणि गडग्यावर कोपरं टेकतात. आमच्या नि भाभीच्या मधला गडगा चिऱ्याचा, कमरेएवढा. वर शेवाळ चढलेलं, म्हणून त्यावर भाभीने एक जुनं पोतं कायमचं अंथरून ठेवलंय, खास गप्पांसाठी.

“कशावरून म्हणते पण ती?”

“हिशेब करून बसलीय ना! सून मारुती मंदिरजवळ बँकेत. घरात पाय टाकते तेव्हा सात वाजलेले असतात. त्यांचा टीव्ही मिरगाच्या विजेनं जळला, तेव्हापासून सासू सातच्या मालिकेला बहिणीकडे जाते, ती आठला परत. आली की पानं वाढलेली! वर रस्सा, पाव, कांदा, लिंबाची फोड. सासू म्हणते, आमच्या वेळी नुसतं वाटप काढायला तास जायचा. नारळ खवा, कांदा भाजा, खोबरं भाजा, पाट्यावर बसा. ही तासात सगळं करते म्हणजे केलंच नाही हिने!”

“मग तुला एवढं हसू कसलं येतंय?”

भाभीने ओढणी सारखी केली, रस्त्याकडे एकदा बघून घेतलं. “कारण टोपात काय असतं ते मला ठाऊक आहे. मीच शिकवलंय तिला. खिमा!”

मला आधी कळायला हवं होतं. सध्या आमच्या रत्नागिरीत दुसरं सुचणार काय? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाड्यात होड्या एकमेकींना खेटून उभ्या, जाळी शिवायला काढलेली. ज्या घरात संध्याकाळी ताटात मासळी नसली की माणसं एकमेकांची तोंडं बघतात, तिथे हे दोन महिने जड जातात. सुकट, सोडे, सुके बोंबील यांच्यावर किती दिवस काढणार? रविवारी कोंबडी होते, मटण होतं. पण बुधवारी रात्री, ऑफिसातून भिजून आल्यावर, मटणाचे तुकडे शिजायची वाट कोण बघणार?

“तेच मी तिला म्हटलं,” भाभी म्हणाली. “पोरगी रडकुंडीला आली होती. भाभी, मला काहीच सुचत नाही, सासूबाईंना रोज आमटी-भात नको असतो. मी म्हटलं, बाई, सोपं जेवण चुलीवर होत नाही, खाटकाच्या ओंडक्यावर होतं. तिथेच अर्धं काम उरकायचं.”

मग तिने सगळी विद्या उघड केली. मी पिळे सोडून ऐकत राहिले.

खिमा तयार पडलेला घ्यायचा नाही. आधी तुकडा दाखवायचा. खांद्याचा किंवा रानाचा, थोडी चरबी असलेला. अगदी कोरडा घेतलात तर शिजल्यावर भुसा होतो. तो तुकडा घरी नेऊन धुवायचा विचार असेल, तर आधीच धुवून घ्यायचा, मग कापायला लावायचा. खिमा झाल्यावर धुतला की तो पाणी धरून बसतो आणि टोपात भाजायच्या ऐवजी उकडत राहतो. मशीनमध्ये घालत असेल तर आपल्या समोर घालायला सांगायचं, आदल्या गिऱ्हाइकाचं मशीनमध्ये अडकलेलं आपल्या वाट्याला नको. आणि वेळ असेल तर हाताचा खिमा मागायचा, सुऱ्याने चिरून केलेला. तो जरा भरड राहतो, पण चव त्याचीच.

“आणि त्याच दिवशी करायचा,” भाभीने बोट वर केलं. “आपल्याकडे पावसात लाईट गेली की फ्रीजचं कपाट होतं. मोठा तुकडा असला तर एखादा दिवस धकतो. खिम्याचं तसं नाही.”

तिचा थोरला कुवेतला हॉटेलच्या भटारखान्यात आहे, त्याने तिला कारण सांगितलंय. तुकड्यावर जे काय जंतू असायचे ते वरच्या बाजूला असतात, भाजला की मेले. खिमा करताना तेच वरचं आतपर्यंत मिसळतं. म्हणून तिथे बीफच्या खिम्यात थर्मामीटर खुपसून बघतात, ७१ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय ताटात जात नाही.

“आपला कसला थर्मामीटर! पाणी आटून तेल सुटलं की समजायचं.”

“बीफचाच असतो का गो तिकडे?”

“तिकडे पाकिटात तोच स्वस्त. ब्राझीलचा, ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे गाईचं १९७६ च्या कायद्यानं गेलं, बैलाचं २०१५ पासून. म्हशीचं मिळतं कुठे कुठे, दाखलेवालं. माझ्या घरात खिमा म्हणजे बकऱ्याचा. महिनाअखेर असली की कोंबडीचा. मसाला तोच. खिमा कशाचा आहे यापेक्षा कांदा किती वेळ परतलास ते जास्त महत्त्वाचं, वैनी.”

सुनेला शिकवलेला प्रकार असा. आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण रविवारीच करून बाटलीत. चौघांना अर्धा किलो खिमा. दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलात चांगले तांबूस करायचे. इथे घाई करायची नाही, बाकी सगळीकडे करायची. वाटण घालून खिमा टाकायचा आणि आच मोठी. पळीच्या पाठीने गुठळ्या मोडत राहायचं. पाणी सुटतं, नवशिकी पोरगी घाबरते आणि झाकण ठेवून मोकळी होते. तिथेच बिघडतं. ते पाणी आटवायचं, कडेला तेल दिसायला लागलं की मग हळद, मिरचीपूड, धणेपूड, मीठ, एक टोमॅटो. सकाळी जाताना सुके हिरवे वाटाणे भिजत घातलेले असले तर ते ह्याच्यात, आणि कुकरला तीन शिट्ट्या. वरून गरम मसाला, लिंबू. बेकरीत संध्याकाळचा पाव येतो तो येताना घेऊनच यायचा.

“आणि दाराशी पाव्हणा आला तर?”

“बटाटा आहे की! फोडी टाकायच्या, वाटीभर पाणी वाढवायचं. चौघांचं सहाजणांना होतं. तुकड्यांच्या मटणात तसं करून बघ. कुणाच्या वाट्याला किती आले ते सगळे मोजतात. खिम्यात कोण काय मोजणार?”

हे मात्र खरं. आमच्याकडे दिराच्या मुलाने एकदा मोठ्याने ताटातले तुकडे मोजले होते, आणि जावेने त्याचा विषय दिवाळीपर्यंत पुरवला.

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला आहे. त्याच्याकडे आठवड्यातले चार दिवस खिम्याचेच. तो बीफ खात नाही, टर्कीचा आणतो. पण शेजारीपाजारी ग्राउंड बीफवरच जगतात म्हणतो, आणि प्रकार तरी किती! एक आहे त्यात राजमा नि खिमा एकत्र शिजवतात, टोमॅटो आणि जिऱ्याची पूड घालून. त्याला चिली म्हणतात. मक्याच्या पापडासारख्या कडक पोळीत भरला की टाको. शेवयांवर घातला की इटलीचा. आणि बर्गरच्या गोल पावात नुसता सैलसर रस्सेदार खिमा भरून देतात, त्याला स्लॉपी जो असं नाव आहे.

“म्हणजे खिमा-पाव!” भाभी किंचाळली. “अमेरिकेत जाऊन खिमा-पावच खातात ना शेवटी? मुंबईला कुलाब्याच्या ऑलिंपियात सकाळी सकाळी मिळतो तोच.”

“त्याच्यात साखर आणि टोमॅटोचं केचप घालतात पण.”

“तौबा! पण मी काय बोलू? आमच्या केपटाऊनच्या फुफूचं तर ऐक.”

भाभीच्या माहेरची अर्धी माणसं केपटाऊनला. आपल्या जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतली कोकणी मुसलमान माणसं शंभरएक वर्षांपूर्वीच बोटीने तिकडे गेली, दुकानं टाकली, तिथलीच झाली. गावाशी नातं मात्र तुटलं नाही. लग्नं जुळवायला, घरं शाकारायला येत-जात राहिली. तिथे खिम्याला मिन्स म्हणतात आणि बोबोटी नावाचा प्रकार करतात. दुधात भिजवलेला पाव खिम्यात कालवायचा, करीचा मसाला घालायचा, मनुका घालायच्या, जर्दाळूचा जॅम घालायचा, वरून दुधात फेटलेली अंडी ओतून तमालपत्रं खोचायची आणि भट्टीत भाजायचं.

“खिम्यात जॅम?”

“मीपण अशीच ओरडले होते. फुफू आली तेव्हा तिने करून घातला. आमचे हे म्हणाले, चांगला लागतोय. मी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसऱ्यांदा मागायची हिंमत झाली नाही. पण खरं सांगू? आंबट-गोड वाईट नाही लागत. मे महिन्यात वाऱ्याने पडलेली कैरी असते ना, तिचा कीस मी घालतेच की खिम्यात. हिने जॅम घातला तर नाकं कशाला मुरडायची?”

तेवढ्यात मागच्या परसातून आवाज आला, “चिमटाभर साखर घातली तरी चालते हो.”

काकू! तगरीची फुलं काढायच्या निमित्ताने किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. काकूंचं घर सोवळ्यातलं, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. त्यांच्यासमोर खिम्याची पाकक्रिया सांगताना आम्हीच ओशाळलो.

“अगो, लाजता काय? मीही करते. सोयाबीनचा. ते दाणे गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे आणि पिळून पिळून घ्यायचे. न पिळता टाकले तर चव पाणचट. बाकी तू सांगितलंस तेच सगळं. परवा केला होता, चातुर्मास लागायच्या आत एकदाचा. नातू दोन वाट्या जेवला. म्हणाला, आजी, मस्त झालाय, पण भाभीकडच्यासारखा नाही.”

गडग्याच्या दोन्ही बाजूंना एकदम कामं आठवली. भाभी पोत्यावरचे धागे उपटायला लागली. मी आधीच पिळलेला टॉवेल पुन्हा पिळला.

काकूच शेवटी म्हणाल्या, “मी काही विचारलं नाही त्याला. मोठी झाली मुलं. फक्त भाभी, तुझा गरम मसाला चमचाभर देऊन ठेव मला. निदान वास तरी जमू दे.”

काकू फुलांची परडी घेऊन आत गेल्या तेव्हा भाभीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “मी बोलावत नाही गो त्याला. क्रिकेट खेळून येतो पोरांबरोबर. पानं मांडलेली असतात. काय हाकलू?”

“हाकलू नकोस. पण दुसऱ्या दिवसाचं दे त्याला, उरलेलं.”

“उरलेलं तर जास्तच चांगलं लागतं!” आणि भाभी पुन्हा रंगात आली. रात्रीचा वाटीभर खिमा राहिला की सकाळी त्यावर दोन अंडी फोडून ढवळायची, मुंबईत त्याला घोटाळा म्हणतात. नाहीतर तांदळाचं घावन काढायचं आणि उलटायच्या आधी वर पसरायचा. उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरला की पाटीस, मुलांच्या डब्याला. काहीच नको असेल तर धुतलेले तांदूळ टाकून कुकरला दोन शिट्ट्या, खिमाभात. सुनेने बुधवारी एक किलो आणून शुक्रवारची सोय अशीच लावली होती म्हणे. गुरुवार तिच्या सासूचा वार, म्हणून तेवढा एक दिवस डबा फ्रीजरमध्ये भाभीकडे लपवला होता.

“आणि खिमा आणायला जमलंच नाही तर?”

“जवळा कुठे गेला? सुका जवळा पाखडून घ्यायचा, कोरडाच जरा भाजायचा, भरपूर कांदा, दोन आमसुलं, मिरची. दहा मिनिटांत कालवण. भाकरीबरोबर खा. तो आपल्या रत्नागिरीचा खिमाच की! तो सासूलाही येतो. पण ती त्याला स्वयंपाक म्हणत नाही, तोंडीलावणं म्हणते.”

“मग सासूला सांगायचं का खरं? बिचाऱ्या पोरीची बदनामी चाललीय गिरणीवर.”

भाभीने विचार केला. अगदी डोळे बारीक करून केला. “नको. हॉटेलातून आणते म्हणेना का! खरं कळलं तर सासू मालिका सोडून शिकवायला बसेल. वाटप काढायला लावेल. पोरीचं तासाभराचं काम दोन तासांवर जाईल, आणि जेवायला नऊ वाजतील. बदनामी परवडली.”

ह्यावर मला बोलण्यासारखं काही उरलं नाही. वर ढगही भरून आले होते. भाभी कपडे काढता काढता म्हणाली, “बुधवारी खाटकाकडे जातेय. तुझा अर्धा किलो सांगू?”

“सांग. एकदा दिव्याची अवस झाली की आमचं बंदच. मग थेट गौरीच्या तिखटाच्या नैवेद्याला.”

“तोवर होड्या निघतात गो. एकदा मिरकरवाड्यात बांगड्याची टोपली उतरली ना, की तूही इकडे फिरकत नाहीस, सूनही नाही, आणि खाटीक बसतो माश्या मारत.”

“मग खिमा?”

“खिमा पुढच्या जूनपर्यंत कुणाला आठवतो?”