परवानगीचे प्रदेश

छावणीत राहणाऱ्या माणसाला परवानगी मागणं अंगवळणी पडलेलं असतं. एका अंगाला लष्कर, दुसऱ्या अंगाला छावणी परिषद. घर आजोबांच्या नावावर असलं तरी वर एक खोली चढवायची म्हटली की नकाशा द्या, अर्ज द्या आणि वाट बघत बसा. स्वतःच्या पैशाने घेतलेला मोबाइल ‘हे ॲप इथे टाकता येणार नाही’ असं म्हणाला, तेव्हा छावणीच्या लोखंडी पुलापलीकडचे शहरी लोक खवळले. आम्ही छावणीकर मात्र शांत होतो. घर तुमचंच, पण खिळा विचारून ठोका, हे आम्हाला तोंडपाठ आहे.

अर्थात विचारायची सवय असली की न विचारता कसं करायचं, याचीही माहिती होत जाते.

पहिल्यांदा गरज पडली ती २०११च्या आसपास. अँड्रॉइड २.३ चे दिवस. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त फोनांत मराठी म्हणजे चौकोन. मावशीने मेसेज पाठवला तरी चौकोन, बातमी उघडली तरी चौकोन. ऑपेरा मिनीत एक चोरवाट होती: पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा कॉन्फिग’ टाइप करायचं, पानाच्या तळाशी जायचं आणि अवघड लिप्यांसाठीच्या पर्यायापुढे ‘येस’ करायचं. अक्षरं मग चित्रं होऊन यायची. पण ती त्या एका ब्राउझरपुरती. मेसेजमधल्या मावशीचं काय? देवनागरीचा फाँट फोनच्या आतल्या कप्प्यात ठेवायचा, तर त्या कप्प्याला कंपनीचं कुलूप. ते उघडायचं म्हणजे फोन ‘रूट’ करायचा.

आमच्याकडच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या भाईला विचारलं. त्याने डोळ्यावरचं भिंग वर केलं.

“देखो काका, रूट मारना पडेगा. डेटा जाएगा, गॅरंटी जाएगी, कभी-कभी मोबाइल भी जाता.”

“फिर बचेगा क्या?”

“मराठी दिखेगी ना.”

भाषेसाठी इतका त्याग साहित्य संमेलनातही कुणी मागितला नसेल. बरं, दिसली तरी कशी? अक्षरं आली, पण ती नीट जोडण्याची अक्कल फोनला नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे उभी, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. मावशीच्या ‘चिमण्या’ कितीतरी दिवस लंगडत होत्या. पुढे अँड्रॉइड ४ आलं आणि देवनागरी दिसू लागली. कुणाला अर्ज करावा लागला नाही.

कुलपं तोडण्याचा हा उद्योग काही आपल्याच गल्लीचा नव्हता. २००७ साली आयफोन निघाला आणि दोनच महिन्यांत अमेरिकेतल्या जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने तो दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालवून दाखवला. २००८मध्ये जे फ्रीमन नावाच्या माणसाने ‘सिडिया’ काढलं. ॲपलच्या दुकानात जे मिळत नसे, ते तिथे मिळे. ॲपलने तिथल्या सरकारला कळवलं की असली कुलपं तोडली तर कुणीतरी मोबाइलचे टॉवरसुद्धा बंद पाडील. २०१०मध्ये सरकारने फोनधारकाला मुभा दिली. टॉवर अजून चालू आहेत. आमच्या भागात रेंज नसते, पण त्याचं खापर जॉर्जवर फोडता येत नाही.

आता शेजारचा बारावीतला पोरगा हे काम जेवता जेवता करतो. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवायचं; फोन म्हणतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. इतक्या स्वस्तात इंजिनिअर करणारं कॉलेज मराठवाड्यात नाही. पुढे बूटलोडर, म्हणजे फोनचं आतलं कुलूप खोलायचं, तर शाओमीसारखी कंपनी अर्जानंतर १६८ तास थांबायला लावायची. पोरगा वैतागला होता. मी म्हटलं, “अरे, सात दिवसांत परवानगी? परिषदेत एवढ्यात अर्जाला आवक नंबरही पडत नाही.” आठव्या दिवशी कुलूप उघडलं, सगळे फोटो पुसले गेले आणि बँकेच्या ॲपने त्याला दारातच उभं केलं: फोन रूट केलेला आहे, व्यवहार होणार नाही. खात्यात होते तीनशे रुपये.

तरीही माझं मत या पोरांच्या बाजूने आहे. कुलूप तोडणारा निदान ते तोडतोय हे जाणून असतो. गमावतो तेही बहुधा फोटोच. लुटले जातात ते नाकासमोर चालणारे.

२०२५च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून ३० ऑगस्टच्या लग्नाची पत्रिका आली. दिसायला पत्रिकेची फाइल, प्रत्यक्षात एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ना रूट, ना बूटलोडर. असली पत्रिका ‘अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का?’ म्हणून विचारते, पुढे ‘मेसेज वाचू का?’ म्हणूनही विचारते; म्हणजे बँकेचे ओटीपी आयते. आणि आपण हो म्हणतो. का म्हणू नये? तहसीलपासून छावणी परिषदेपर्यंत जन्मभर परवानग्या मागितलेल्या माणसाकडे पहिल्यांदाच कुणीतरी परवानगी मागतंय! इतका मान मिळाल्यावर नाही कसं म्हणायचं? शिक्का मारल्यासारखा अंगठा पडतो.

अशी फसवणूक रोखायला म्हणून गूगलने ठरवलं की ॲप बनवणाऱ्याने आधी ओळख पटवायची, नाहीतर त्याचं ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणार नाही. सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७पासून हळूहळू बाकीच्या जगात, असं २०२५मध्ये जाहीर झालं. भामटे कुणाची तरी कागदपत्रं जोडून अर्ज करतीलच. अडकेल तो आपल्या गावाच्या बाजारभावाचं छोटं ॲप बनवणारा हौशी पोरगा.

तोवर एवढं करा. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, जमलं तर लोक हळदी-कुंकू लावून घरीही आणून देतात. जिच्या शेवटी एपीके आहे, त्या लग्नाला जाऊ नका. आणि आहेर झालाच असेल, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० वर फोन लावा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.