आमचे कॅप्टन, डोंबिवली पूर्व

डोंबिवलीत ज्याला अजून विमान मिळालेलं नाही, त्याला कॅप्टन म्हणतात. ज्याला मिळालंय तो कुणाला दिसतच नाही, त्यामुळे त्याला कुणी काहीच म्हणत नाही.

यातला पहिला प्रकार मानपाडा रोड, खडकपाडा, घोडबंदर रोड इथल्या कुठल्याही मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये एक तरी सापडतो. आमच्याकडचा बी विंगला, चौथ्या मजल्यावर राहतो. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मग हवामानशास्त्रापासून हवाई नियमांपर्यंत डीजीसीएच्या परीक्षा, मग क्लास वन मेडिकल, ज्यात कान, डोळे, हृदय सगळ्यांची झडती होते, आणि मग बारामतीला दोनशे तासांचं उड्डाण. एवढं पार करून त्याने व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, म्हणजे सीपीएल, मिळवलं आणि तो घरी येऊन बसला. एअरलाइनची भरती निघायची आहे. हे कष्ट खोटे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. माझं म्हणणं त्याच्या उडण्याबद्दल नाही. जमिनीवरच्या वागण्याबद्दल आहे.

मामला पन्नास लाखांच्या पुढचा. त्यात बदलापूरचा प्लॉट गेला, राहता फ्लॅट बँकेकडे गहाण पडला. एवढ्या पैशांत हाताला लागलं ते एक लायसन्स आणि एक गणवेश. लायसन्स कपाटात जातं. ते शेजाऱ्यांना काढून दाखवणं बरं दिसत नाही. गणवेश मात्र दाखवावा लागत नाही, तो दिसतो. तेव्हा वसुली काय करायची ती गणवेशावर, हे त्या घरात न बोलता ठरलेलं आहे.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर बंद, त्या बंदात सरकवायच्या काळ्या कापडाच्या सुरळ्या आणि त्यांवर सोनेरी पट्ट्या. पट्ट्यांचं गणित सरळ आहे. फ्लाइंग स्कूलमध्ये साधारण शिकाऊला एक, खासगी लायसन्सला दोन, व्यावसायिकला तीन. एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसरला तीन, कॅप्टनला चार. म्हणजे आमच्या कॅप्टनला शाळेच्या हिशेबाने तीन पट्ट्या लागू आहेत, आणि एअरलाइनच्या हिशेबाने अजून एकही नाही. वडील आयुष्यभर बँकेत होते. चौथी पट्टी ते 'येणे' बाजूला दाखवतात.

हा वेश मुळात आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीचे वैमानिक चामड्याचं जाकीट, गळ्यात मफलर, डोळ्यांवर गॉगल अशा अवतारात यायचे. टपाल नेणाऱ्याने कसंही यावं. पण पैसे मोजून बसलेल्या माणसाला तो अवतार बघून घरची बायकामुलं आठवत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पॅन अॅम कंपनीने पाण्यावर उतरणारी 'क्लिपर' विमानं आणली आणि वैमानिकांना सरळ जहाजाच्या अधिकाऱ्यांचे कपडे चढवले : गडद निळा कोट, पांढरी टोपी, बाहीवर पट्ट्या. कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर ही पदंही बोटीवरूनच उचलली. बोटीचा कप्तान भरवशाचा, हे लोकांच्या डोक्यात बसलेलं होतंच. तो भरवसा कंपनीने आयता उचलला. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून जुहूला पस मॉथ घेऊन आले तेव्हा आत टपाल होतं. टपालाचा विश्वास बसावा लागत नाही.

म्हणजे गणवेश हा उडणाऱ्यासाठी नाही, बसणाऱ्यासाठी शिवलेला आहे. आमच्या बी विंगमध्ये त्याचा वापर अगदी या मूळ उद्देशाला धरूनच होतो. फक्त बसणारे म्हणजे आम्ही शेजारी, आणि विश्वास बसवायचाय तो बदलापूरच्या प्लॉटबद्दल.

सध्या कॅप्टन ठाण्याच्या एका क्लासमध्ये शिकवायला जातो. विषय हवाई नियम. शिकवणाऱ्याने गणवेशात यायचं अशी क्लासची अट आहे, कारण पालक फी भरतात ती शर्टाकडे बघून. अट नसती तरी तो गणवेशातच गेला असता, पण आता त्याला कारण सांगता येतं.

पांढरा कडक शर्ट घालून सकाळी डोंबिवलीहून जलद लोकल पकडणं हे मला तरी विमान उतरवण्यापेक्षा अवघड वाटतं. धावपट्टीवर निदान कंट्रोल टॉवर सांगतो, थांबा, आधी दुसरं उतरू दे. इथे टॉवर नाही आणि कुणी थांबत नाही. खांद्यावरची सुरळी कुणाच्या तरी सॅकमध्ये अडकते. कॅप्टन ठाण्याला उतरतो, त्याचा उजवा खांदा सीएसएमटीला जातो. एकदा तो तसाच वर्गात उभा राहिला, डावीकडे तीन पट्ट्या, उजवीकडे नुसता बंद. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, हे कुठलं पद?" तेव्हापासून खिशात जादा जोडी असते.

डब्यातल्या भजनी मंडळाचं त्याच्यावर फार प्रेम. मंडळातले आजोबा त्याला "या वैमानिक महाराज" म्हणून जवळ घेतात आणि कपाळाला बुक्का लावतात. बुक्का काळा, शर्ट पांढरा, आणि गाडी कळव्याच्या आसपास हमखास हिसका देते. नको म्हणायची सोय नाही. विठोबाला नको म्हणणारा पायलट कुणाला चालेल?

म्हणून त्याने फर्स्ट क्लासचा पास काढला. तिथे निराळंच झालं. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, काळा टाय आणि दारात ताठ उभं राहण्याची सवय. आत आलेल्या तिघांनी त्याच्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि ते ठाण्याला मुकाट उतरून सेकंड क्लासकडे चालू लागले. एका गृहस्थांनी तर न मागता पास काढून दाखवला. कॅप्टनने तो नीट बघून परत दिला. "काय करणार काका," तो मला म्हणाला, "त्यांना आधीच वाईट वाटत होतं, मी टीसी नाही सांगून आणखी कुठे वाईट वाटू द्यायचं?" हा मुलगा मनाने चांगला आहे, ते अशा वेळी कळतं.

गॉगलची कथा वेगळी. कानांवर बारीक काड्या आणि खाली ओघळणाऱ्या काचांचा तो प्रसिद्ध 'एव्हिएटर' १९३०च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांसाठी निघाला. कॅप्टनने स्टेशनाबाहेर पुलाखालून घेतला, पोलराइज्ड. वैमानिकांना पोलराइज्ड काच वापरू नका असं सांगतात, कारण तिच्यातून कॉकपिटमधले स्क्रीन काळे दिसू शकतात. हे तो स्वतः वर्गात शिकवतो. पण त्याच्या पुढ्यात सध्या कॉकपिट नाही, मानपाडा रोड आहे, आणि तो जितका कमी दिसेल तितका बरा.

घरच्यांना गणवेशाची माहिती आता त्याच्याहून जास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एअर इंडियाने मनीष मल्होत्राकडून नवे गणवेश करून घेतले आणि वैमानिकांना काळा डबल-ब्रेस्टेड सूट आला, तेव्हा वडील पेपरातला फोटो घेऊन सरळ आमच्या टेलरकडे गेले. टेलरने फोटो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "मे महिन्यात घालणार का?" विषय तिथेच संपला. आकासाने २०२२ साली समुद्रातून काढलेल्या प्लास्टिक बाटल्यांच्या कापडाचे गणवेश कर्मचाऱ्यांना दिले. त्यावर आईचं मत असं की आपल्या खाडीतल्या बाटल्या काढल्या तर अख्ख्या कल्याण-डोंबिवलीचे कपडे निघतील, शिवाय पडदे.

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा ही डोंबिवलीची देणगी. गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली ती सुरू केली आणि मग गावोगाव निघू लागली. एका वर्षी आमच्या भागातल्या मंडळाने 'गगनभरारी' या विषयावर चित्ररथ काढला. टेम्पोवर थर्माकोलचं विमान आणि विमानाशेजारी आमचा कॅप्टन, पूर्ण गणवेशात, टोपीसकट. आदल्या रात्री वडिलांनी चौथी पट्टी लावून घेतली. "आज सणाचा दिवस आहे," एवढंच कारण. फडके रोडवर नऊवारीतल्या मुली, फेटे बांधलेल्या बुलेटवाल्या, लेझीम, ढोल, आणि त्यात हा सॅल्यूटच्या मुद्रेत उभा. विमानाचा डावा पंख एका दुकानाच्या पाटीला लागून मोडला तरी सॅल्यूट हलला नाही. माझ्या बघण्यातलं त्याचं हे सर्वांत उत्तम उड्डाण.

लग्नाच्या बाजारात मात्र पट्ट्यांना विचारत नाहीत. बायोडेटावर गणवेशातला फोटो आहे, पार्श्वभूमीला विमान आहे, मजकुरात सीपीएल आहे. कल्याणहून आलेल्या मुलीच्या मामांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "पर्मनंट आहे का?"

आमच्या बाजूला विमानाचं वावडं आहे असं नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी विमानतळ बांधला होता. त्याच्या जमिनीवरून २०१७ साली शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं. विमानं केव्हाच गेली, जमिनीचं भांडण राहिलं. आता नवी मुंबईचा विमानतळ २०२५च्या डिसेंबरात सुरू झाला आणि शिळफाट्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक बिल्डरला आकाश दिसू लागलं. अशाच एका बिल्डरच्या होर्डिंगवर ट्रॉली बॅग ओढत निघालेला, हसरा, गणवेशातला पायलट आहे. विमानतळ हाकेच्या अंतरावर, असं खाली लिहिलंय. तो आमचा कॅप्टन. त्याचे त्याला पैसे मिळाले. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ते होर्डिंग बघण्याइतका वेळ सगळ्यांकडे असतो, त्यामुळे प्रसिद्धीही भरपूर झाली.

गणवेश मिरवण्याचा हा प्रकार मुलींमध्ये मला कमी दिसला. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली सगळ्या महिलांचा ताफा घेऊन कोलकाता-सिलचर विमान नेलं, त्यालाही चाळीस वर्षं झाली. ए विंगमधली मुलगी ट्रेनी फर्स्ट ऑफिसर आहे. ती निघते तेव्हा वर जॅकेट, चेन गळ्यापर्यंत. मी कारण विचारलं तर म्हणाली, "काका, लेडीज डब्यात पट्ट्या चालत नाहीत. तिथे आधी विचारतात, कुठे उतरणार. ठाणे म्हटलं तर सीट मिळते."

खरा चार पट्ट्यांचा कॅप्टन आमच्या सी विंगला राहतो. हे मला फार उशिरा कळलं, तेही वॉचमनकडून. पहाटे अडीचला कंपनीची गाडी गेटवर येते. हा माणूस खांद्यावरच्या सुरळ्या काढून बॅगेत टाकलेला, शर्टावर जुना करडा टी-शर्ट चढवलेला, असा खाली उतरतो. परततानाही तसाच. जेवढे तास जास्त, तेवढ्या लवकर पट्ट्या उतरतात, हा मी काढलेला नियम आहे आणि अजून तो खोटा ठरलेला नाही. लपवण्याचं कारणही त्याने सांगितलं. पट्ट्या दिसल्या की लिफ्टमध्ये कुणीतरी विचारतं, मागच्या गणपतीत आमचं गोव्याचं विमान तीन तास लेट का होतं? ते त्याच्या कंपनीचं नसतं. तरी उत्तर द्यावं लागतं. शिवाय तिकीट स्वस्तात मिळेल का, पायलट झोपतो का, आणि एवढा पगार असून डोंबिवलीत कशाला, हे तिसऱ्या मजल्यापर्यंत होऊन जातं.

मध्यंतरी दोघे कॅप्टन सोसायटीच्या जनरल बॉडीला समोरासमोर आले. विषय पार्किंगचा होता. आमच्या कॅप्टनने उभं राहून गाड्या लावण्याच्या शिस्तीवर, धावपट्टीचे दाखले देत, दहा मिनिटं छान भाषण केलं. टाळ्या झाल्या. सी विंगचा कॅप्टन शेवटच्या रांगेत भिंतीला डोकं टेकून गाढ झोपला होता. सभेने ठराव केला तो आमच्या कॅप्टनच्या बाजूने, आणि मला विचाराल तर बरोबर केला. पार्किंग सुटलं नाही, पण इतकं रुबाबदार न सुटलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या कानावर एअरलाइनची भरती आली, तर बी विंगला कळवावं. उमेदवार नियम तोंडपाठ असलेला, गर्दीत तोल न जाणारा आणि कुणाचाही पास नम्रपणे तपासून परत देणारा आहे. शर्ट इस्त्री करून तयार आहे. पगार किती घेणार, हे वडिलांना विचारावं.