बसंती बासुंदी

१९९८ साली आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहत होतो. शुक्रवारी ऑफिसातून आलो की बूटही न काढता मी टीबीएस चॅनेल लावायचो. तिथे १९९५ पासून ‘डिनर अँड अ मूव्ही’ नावाचा कार्यक्रम चालायचा. सिनेमा सुरू, आणि मधेमधे पॉल गिलमार्टिन आणि ॲनाबेल गर्विच ही जोडी त्या सिनेमाला साजेसा पदार्थ रांधायची. पदार्थाच्या नावात सिनेमावरची कोटी असायची, तीही इतकी ओढूनताणून आणलेली, की मला आमच्या गणेशोत्सवातल्या निवेदकाची आठवण होऊन भरून यायचं.

कुठल्या सिनेमाबरोबर काय रांधायचं, हा प्रश्न आमच्या घरी कधी पडलाच नव्हता. लहानपणी रविवारी दूरदर्शनवर सिनेमा लागायचा आणि त्याच्या आत आईचा कुकर उतरलेला असायचा. पडद्यावर निरुपा रॉय रडो की प्रेम चोप्रा हसो, ताटात खिचडी. ‘व्यत्यय’ची पाटी आली की उठून पापड भाजायचे, एवढीच काय ती पाककला.

त्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिला थक्क करावं म्हणून मी एका शुक्रवारी आमचा स्वतःचा प्रयोग जाहीर केला. ओक ट्री रोडवरच्या वाण्याकडून ‘शोले’ची कॅसेट आणली. मेनू कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला : गब्बर गवार, बसंती बासुंदी आणि वीरूजणाचा मठ्ठा. ‘वीरूजण’वर मी स्वतःच दोनदा हसलो. बायकोने कागद वाचला आणि पोळ्या तेवढ्या करीन म्हणाली.

आईने चष्मा लावून यादी पाहिली. “मठ्ठा? अरे, आज शुक्रवार. संतोषीमातेचा उपास आहे माझा. घरात आंबट चालत नाही.”

वीरूजण फ्रिजमध्ये परत गेलं.

‘शोले’ तीन तासांवरचा सिनेमा, म्हणजे बासुंदीला भरपूर वेळ, असा माझा हिशोब होता. पण बासुंदी ही सिनेमा बघू देणारी वस्तू नाही. गॅलनभर दूध, विजेची शेगडी, आणि डाव थांबला की लागलंच तळाला. हॉलमध्ये टांगा धावत होता आणि मी स्वयंपाकघरात नुसता ऐकत होतो. शिवाय त्या टीव्हीवरच्या जोडीमागे क्लॉड मान नावाचा पक्का शेफ उभा असायचा. माझ्या मागे आई. “साय कडेने सोडव. अरे, कडेने!”

ठाकूरच्या घरातल्या कत्तलीचा प्रसंग आला तेव्हा मात्र मला राहवेना. एकच मिनिट म्हणून बाहेर आलो. सगळं शांत. फक्त तो रिकामा झोपाळा करकरतोय. आणि नेमका त्याच क्षणी छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. दूध करपलं होतं. आई पदराने वारा घालतेय, मी खुर्चीवर चढून भोंग्याची बॅटरी काढतोय, शेजारी दार ठोठावतायत, आणि गब्बर आपला घोड्यावर तसाच.

भोंगा शांत झाल्यावर आईने पातेल्यात डोकावून पाहिलं.

“त्यापेक्षा ‘जय संतोषी माँ’ आणायचास. तोही त्याच पंचाहत्तर सालचा. गूळ-चण्यांत भागलं असतं. बरोब्बर त्याच सिनेमाचं जेवण, आणि शेगडीसुद्धा पेटवायला नको.”

बायको इतकी हसली की पोळी करपली.

“तू पाहिलायस तो?”

“साताऱ्याला. बायका थिएटरच्या बाहेर चपला काढून आत जायच्या. पडद्यावर देवी आली की फुलं, सुटे पैसे, काय वाट्टेल ते टाकायच्या. मीही टाकले चाराणे.”

“मग?”

“मग काय. सिनेमा सुटला तेव्हा चपला नव्हत्या. अनवाणी घरी आले आणि खिचडी टाकली.”